जोडी नको, थवा हवा: गोव्यातल्या टँकसाठी छोटे मासे कसे निवडावेत

शोभेच्या माशांच्या दुकानात भाव जोडीवर सांगतात. निऑन इतके रुपये जोडी, टायगर बार्ब तितके रुपये जोडी. ही पद्धत कुठून आली कोण जाणे, पण तिच्यामुळे घरोघरच्या टँकमध्ये एकच चित्र दिसतं: दोन निऑन, दोन टायगर बार्ब, दोन मॉली, दोन एंजल आणि काच साफ करायला म्हणून आणलेला एक सकर. महिन्याभरात निऑन दिसेनासे होतात, एंजलचे लांब पंख कुरतडलेले असतात, आणि घरचे म्हणतात, "आमच्याकडे मासे टिकतच नाहीत."

टिकतात की. पण आपण विचारतो आधी रंग, मग किंमत आणि पिशवी हातात आल्यावर, "हे एकमेकांना खाणार नाहीत ना?" विचारायचं असतं ते वेगळंच. मे महिन्यात आपल्या टँकचं पाणी किती तापतं? ते पाणी हलकं की जड, म्हणजे त्यात चुना-क्षार कमी की जास्त? टँक लांबीला किती? या तिन्हींत बसणारी एक जात शोधायची आणि ती भरपूर घ्यायची. पाच जातींचे दोन-दोन मासे आणण्यापेक्षा एका जातीचे दहा आणावेत, हे माझं ठाम मत आहे.

त्याचं कारण थव्यात आहे. थवा म्हणजे काय हे किनाऱ्यावरच्या गोवेकराला शिकवायला नको. रापण ओढली की तारले आणि बांगडे टोपल्यांनी येतात, कारण हे मासे एकेकटे फिरतच नाहीत. छोट्या माशाला शिकारी फार. थव्यात राहिलं की पाळत ठेवायला अनेक डोळे मिळतात, चमचमणाऱ्या गर्दीत शिकाऱ्याला एकच भक्ष्य नजरेत धरून ठेवणं जमत नाही, आणि हल्ला झालाच तरी तो नेमका आपल्यावर होण्याचा संभव कमी होतो. (जाळं टाकणाऱ्या माणसापुढे हाच शहाणपणा अंगाशी येतो, ते सोडा.) माशाच्या दोन्ही कुशींवर पार्श्वरेषा नावाचं संवेदनांचं जाळं असतं. शेजारचा मासा वळला की पाण्यात उठलेली दाबाची लाट त्याला तिथून कळते, शिवाय डोळे असतातच. म्हणून पन्नास मासे एकदम वळतात आणि कोणी कोणावर आदळत नाही.

आता असा मासा घरच्या टँकमध्ये एकटा किंवा दुकटा सोडला तर? टँकमध्ये शिकारी नाही हे आपल्याला माहीत, माशाला नाही. तो झाडांच्या मागे दडतो, नीट खात नाही, रंग फिका पडतो आणि किरकोळ आजारानेही दगावतो. २०१० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी निऑन टेट्रा, टायगर बार्ब, व्हाइट क्लाउड आणि एंजल हे घरगुती टँकमधले नेहमीचे मासे एक, दोन, पाच आणि दहाच्या गटांत ठेवून पाहिले. एकूण निष्कर्ष असा की गट मोठा असला की थव्याचे मासे जास्त एकत्र राहतात, आणि छोट्या गटांत भांडणं व बेचैनी वाढते. दुकानातल्या जोडीच्या हिशोबाला याहून चांगलं उत्तर नाही.

टायगर बार्बचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. हा मासा "खोडकर" म्हणून बदनाम आहे. खरं तर तो आपल्याच गटात सतत वरचढपणा ठरवत असतो: पाठलाग, धक्के, पुन्हा पाठलाग. गटात दहा असले की ही सगळी कुरबुर आपापसांत वाटली जाते. दोनच असले तर त्यांचं लक्ष शेजाऱ्याकडे जातं, आणि शेजारी गप्पी, फायटर किंवा एंजल असेल तर त्याच्या लोंबत्या पंखांचं काही खरं नाही. म्हणजे टायगर बार्बचा त्रास कमी करायचा तर ते आणखी आणायचे. ऐकायला विचित्र वाटतं, पण उपाय तोच. तरीही लांब पंखांचे मासे त्यांच्यासोबत नकोतच. सर्पे टेट्रा आणि ब्लॅक विडो यांनाही थोडीफार हीच खोड आहे.

जाता जाता: गुलाबी, निळे, हिरवे विडो टेट्रा दिसले तर तो रंग मूळचा नाही हे लक्षात असू द्या. कधी रंग चढवलेला असतो, कधी जनुकांत बदल केलेला. मी घेत नाही.

थव्याबद्दल एक गैरसमज मात्र काढायला हवा. मासे सदैव घट्ट गोळा होऊन पोहत असले तर ते सुखात आहेत असं लोकांना वाटतं. बहुतेक जातींत ते भीतीचं लक्षण असतं. निर्धास्त निऑन किंवा रासबोरा सैलसर पसरतात, चरतात, एकमेकांच्या नजरेत राहतात. दार आपटलं किंवा कोणी अचानक टँकपुढे आलं की क्षणात एकत्र येतात आणि मिनिटाभरात पुन्हा पांगतात. दिवसचे दिवस एका कोपऱ्यात गोळा होऊन बसले असतील तर संख्या कमी आहे, आडोसा कमी आहे किंवा पाण्यात काहीतरी बिघडलंय. याला अपवाद रमीनोज टेट्राचा. लाल तोंडाचा हा मासा स्वभावानेच घट्ट थव्यात पोहतो, आणि पाणी बिघडलं की त्याच्या तोंडाची लाली उतरते, म्हणजे घरबसल्या पाण्याची तपासणी.

आता गोव्यातला खरा अडसर, उष्मा. माशांविषयीची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असते, म्हणून तिच्यात हीटरचं फार कौतुक. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस हीटरची गरजच पडत नाही, उलट एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांच्या वर जातं. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली, पश्चिमेच्या खिडकीजवळ टँक असेल तर आणखी. मंगळुरी कौलांच्या जुन्या घरात, आतल्या खोलीत तोच टँक बराच थंड राहतो. दहा-पंधरा दिवस दुपारी साध्या थर्मामीटरवर तापमान बघा आणि मगच दुकानात जा.

पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम घडतात. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना तो ७.३ च्या आसपास येतो. त्याच वेळी माशाच्या शरीराचं चक्र वेगाने फिरू लागतं आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. पुरवठा घटतो, मागणी वाढते. पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर समजावं की हेच चाललंय. झाडं असलेल्या टँकमध्ये तर रात्रभर झाडंही प्राणवायू घेत असतात.

उन्हाळ्यात पाण्यावर पंखा लावायचा सल्ला सगळे देतात. कोरड्या हवेत तो चांगला चालतो, कारण पाणी भराभर वाफ होऊन निघून जातं आणि उरलेलं थंड होतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दमट हवेत बाष्पीभवनच मंद, म्हणून फार अपेक्षा ठेवू नये. बर्फाच्या बाटल्या टाकल्या की पाणी झटक्यात थंड होतं आणि झटक्यात तापतं. माशांना तो हेलकावा उष्म्यापेक्षा वाईट. हवेचा पंप वाढवणं, खाणं कमी करणं, दुपारी दिवा बंद ठेवणं आणि मुळात उष्मा सोसणारे मासे निवडणं, एवढंच खरं उपयोगी.

या चाळणीत पहिला अडकतो तो सगळ्यांचा लाडका निऑन. तो ॲमेझॉनच्या वरच्या भागातला, साधारण २० ते २६ अंशांत खूश. गोव्याचा उन्हाळा तो रडतखडत काढतो किंवा काढत नाही. त्याच्या जागी कार्डिनल घ्यावा. दिसायला भाऊच, पण ॲमेझॉनला मिळणाऱ्या रिओ नेग्रो नदीच्या कोमट पाण्यातला, २८-२९ अंश त्याला जड जात नाहीत. दुकानात दोघांत गल्लत होते, म्हणून काचेला नाक लावून बघा: निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत जातो, कार्डिनलचा गालापासून शेपटीपर्यंत पूर्ण. दोघांची निळी रेघ मात्र रंगद्रव्याची नसते. कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होऊन ती दिसते, आणि अंधारात मासा ती विझवतो. सकाळी दिवा लावल्या-लावल्या हे मासे फिके, जांभळट दिसतात ते त्यामुळे. नवखा माणूस घाबरून औषध ओततो. थोडं थांबा, रंग परत येतो.

व्हाइट क्लाउड हा चीनमधल्या डोंगराळ ओढ्यांतला मासा, त्याला थंड पाणी लागतं. त्याचा विचार सोडून द्यावा. गोल्डफिशही थंड पाण्याचा, शिवाय मोठा होणारा आणि घाण करणारा. तो या मेळ्यातलाच नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र गोवा नशीबवान आहे. आपला बराच मुलूख जांभ्याचा, ज्याचे चिरे काढून घरं बांधतात तोच दगड. पावसाचं पाणी त्यातून झिरपून विहिरीत येतं तेव्हा त्यात चुना फारसा विरघळत नाही. म्हणून बहुतेक विहिरींचं पाणी हलकं आणि किंचित आम्ल असतं. साबणाला चटकन फेस येणं आणि चहाच्या किटलीत पांढरा थर न बसणं ही घरगुती खूण. ओपा, अस्नोडा, साळावली इथून नळाला येणारं पाणीही सह्याद्रीतून उतरलेल्या नद्यांचं, साधारण हलकंच. टेट्रा आणि रासबोरा यांचं माहेर म्हणजे असंच हलकं, आम्ल पाणी. त्यामुळे घाटापलीकडे बोअरच्या जड पाण्यात टेट्रा सांभाळणाऱ्यांना जी यातायात करावी लागते ती आपल्याला नाही. मॉली, गप्पी आणि प्लॅटी यांना मात्र थोडं जड पाणी मानवतं. किनाऱ्यालगत ज्यांच्या विहिरीचं पाणी पावसाळ्यापूर्वी मचूळ होतं त्यांनी टेट्रांच्या नादी न लागता गप्पी-मॉलीच ठेवाव्यात, छान वाढतील.

हलक्या पाण्याची एक खोड आहे. माशांच्या मैल्यातून आम्लता तयार होत राहते, आणि ती शोषून घ्यायला अशा पाण्यात क्षार नसतात. महिनोन्‌महिने पाणी बदललं नाही तर पीएच (आम्लतेचं माप; ते उतरलं की आम्लता वाढली) हळूहळू खाली घसरतो आणि मैला पचवणारे जिवाणूही मंदावतात. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदललं की हा प्रश्न फारसा येत नाही. तरी पीएच घसरत असेल तर तिसऱ्यांच्या शिंपल्या खरवडून, उकळून, मूठभर फिल्टरमध्ये टाकाव्यात. त्या सावकाश विरघळतात आणि तोल सांभाळतात. गोव्यात यासाठी बाजारात काही विकत घेण्याची गरजच नाही. प्रवाळाचे तुकडे मात्र टाकू नयेत. प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे.

नळाचं पाणी सरळ ओतू नका. त्यातलं क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं. बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. आणि नवा टँक भरल्याबरोबर मासे सोडू नका. माशांच्या मैल्यातून अमोनिया निघतो, एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिले दोन विषारी, तिसरा बराच निरुपद्रवी. ही जिवाणूंची वस्ती फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर चिमूटभर खाणं टाकून रिकामा टँक चालू ठेवायचा.

टँकचं माप सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजून गुणाकार करा आणि ६१ ने भागा, लिटर मिळतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे सुमारे ५६ लिटर, वाळू आणि दगड जाऊन पन्नासच्या आतबाहेर. एक इंच माशाला चार लिटर पाणी असा जुना हिशोब आहे. छोट्या माशांसाठी तो ढोबळ अंदाज म्हणून ठीक, पण पोहायच्या सवयीचा त्यात विचार नाही. झेब्रा डॅनियो दोन इंचांहून लहान, पण दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो. त्याला उंच टँक देऊन काय उपयोग? थव्याच्या माशांना लांबी लागते. काचेच्या गोल बाऊलबद्दल मी काही लिहित नाही.

सोबत कोण राहू शकतो हे ठरवताना तोंड बघावं. माशाच्या तोंडात जे मावतं ते त्याच्या दृष्टीने खाणं. एंजल लहानपणी नाण्याएवढा असतो, वर्षभरात हातभर टँकचा मालक होतो आणि रात्री निऑन गट्ट करतो. त्याला खुनशी म्हणण्यात अर्थ नाही, नदीतही तो असेच छोटे मासे खातो. बाला शार्क, टिनफॉइल बार्ब आणि पंगासियसची पिल्लं दोन इंची असताना "छोटे मासे" म्हणून खपतात. बाला शार्क फूटभर होतो, पंगासियस तर मीटरच्या पुढे. काच साफ करणारा सकरही फूटभर वाढतो. "हा मोठा केवढा होतो?" हा एक प्रश्न दुकानात विचारला तरी निम्मी संकटं टळतात.

मिस केरळा नावाने मिळणारा लाल रेघेचा बार्ब आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातला, केरळ-कर्नाटकातला. देखणा आहे, थव्याने राहतो, पण चार इंचांच्या वर जातो, त्याला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि निदान चार फुटी टँक लागतो. शिवाय शोभेसाठी झालेल्या बेसुमार पकडीमुळे तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. छोट्या टँकवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

मग घ्यावं काय? दोन फुटी टँकला माझी पहिली पसंती एंबर टेट्राला. जेमतेम पाऊण इंच, निखाऱ्याच्या रंगाचा, शांत. दहा-बारा घ्या, झाडं दाट ठेवा. त्याऐवजी आठ-दहा हार्लेक्विन रासबोराही चालतात: मलाया-सुमात्राकडचा मासा, अंगाच्या मागच्या निम्म्या भागावर काळा त्रिकोण, काटक आणि कोणाच्या अध्यात-मध्यात नाही. नवशिक्याला मी हार्लेक्विनच सुचवीन. ज्यांना हालचाल आवडते त्यांनी झेब्रा डॅनियो घ्यावा. हा आपल्याच उपखंडातला, पण जगभरच्या प्रयोगशाळांत संशोधनासाठी पाळला जातो, आणि तिथे त्याचं पाणी २८.५ अंशांवर ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे गोव्याची हवा त्याला जन्मजात मानवणारी. तो उड्या मारतो, टँकला झाकण हवं. आणि तो इतका चपळ असतो की संथ माशांच्या वाट्याचं खाणंही संपवतो, म्हणून त्याला लाजाळू सोबती देऊ नये.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढाच उंच टँक असेल, म्हणजे १३० लिटरच्या आसपास, तर दोन थवे छान मावतात. मध्यावर बारा कार्डिनल किंवा रमीनोज. तळाला सहा कोरीडोरास, हेही थव्याचेच मासे, हे लोक विसरतात. कोरीडोरासमध्ये स्टर्बाय जात उष्मा चांगला सोसते. पिग्मी कोरीडोरास गोंडस दिसतात, पण त्यांना थोडं थंड बरं. तळाला बारीक, गुळगुळीत वाळू हवी, धारदार खडीने त्यांच्या मिशा झिजतात. वरच्या थराला हनी गुरामीची एक जोडी ठेवता येते. जोडीने राहणाऱ्या माशाची जोडी जरूर घ्यावी. गुरामी हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे मे महिन्यात तो इतरांपेक्षा निवांत असतो. वर, मध्ये, खाली असे थर वाटले गेले की तोच टँक मोठा वाटतो आणि खाण्यावरून धक्काबुक्की होत नाही.

पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात येतात, व्हाळात मलबार डॅनियो आणि रासबोरा दिसतात, तेव्हा हात शिवशिवतात. गोड्या पाण्यातला आपला छोटा पॅनचॅक्स तर डासांच्या अळ्या खातो म्हणून १९९०च्या दशकात गोव्यात मलेरियाविरुद्ध वापरून पाहिला गेला. हे मासे टँकमध्ये राहू शकतात, पण ओढ्यातून आणलेल्या माशांसोबत परजीवी येतात, आणि अभयारण्यातून काहीही पकडणं गुन्हा आहे. उलटी वाट तर त्याहून वाईट: कंटाळा आला म्हणून टँकमधला सकर तळ्यात किंवा नदीत सोडणं. देशातल्या कित्येक पाणवठ्यांत तो असाच शिरला आणि आता हटत नाही. नको असलेला मासा दुकानदाराला परत द्या, बहुतेक जण घेतात.

आणलेले मासे वेगळ्या छोट्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे ठेवणं उत्तम. पांढरे ठिपके, कुजलेले पंख तेवढ्यात दिसून येतात. पिशवी आधी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं-थोडं टँकचं पाणी तिच्यात घाला, आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टाकून द्या. एका जातीचा थवा एकदमच आणा. आधी चार, नंतर चार असं केलं की आधीचे चौघे घर आपलं समजून बसतात. दुसरी जात दोन आठवड्यांनी.

शेवटी पावसाळ्याची तयारी. जूनमध्ये झाडं तारांवर पडतात आणि लाइट तासन्‌तास जाते. फिल्टर बंद पडला की त्यातले जिवाणू प्राणवायूवाचून काही तासांत मरू लागतात, आणि ज्या टँकमध्ये मासे दाट आहेत त्याला झळ आधी बसते. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात ठेवा आणि महिन्यातून एकदा चालू करून बघा. तो नसेल तर मगाने टँकमधलंच पाणी उंचावरून पुन्हा टँकमध्ये ओतत राहा. वीज येईपर्यंत खाणं अजिबात घालू नका. निरोगी मासे दोन-तीन दिवस उपाशी सहज काढतात. बराच वेळ बंद राहिलेला फिल्टर वीज आल्या-आल्या सुरू करू नका. आधी त्यातलं साचलेलं पाणी फेकून द्या, स्पंज टँकच्या पाण्यात खळबळून घ्या, मग लावा.